विमान धावपट्टी का सोडतं?

१४ सप्टेंबर २०२३. गणपती पाच दिवसांवर आले होते आणि मुंबईत धो धो पाऊस लागला होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास विशाखापट्टणमहून आलेलं एक छोटं जेट विमान, लिअरजेट ४५, मुंबई विमानतळाच्या धावपट्टी क्रमांक २७ वर उतरत होतं. आत सहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते. पावसामुळे जेमतेम ७०० मीटरपर्यंतचं दिसत होतं. चाकं टेकली, विमान धावपट्टी सोडून बाजूला गेलं आणि गवतात मोडून पडलं. आतले आठही जण वाचले.

मुंबईची ही धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. एवढ्या छोट्या विमानाला तिचा निम्मा भागही पुरावा. मग ते बाहेर कसं गेलं? हा प्रश्न सिंधुदुर्गातल्या माणसालाही पडायला हवा, कारण चिपीच्या सड्यावर आता विमानं उतरतात आणि पाऊस तर इथे मुंबईपेक्षा कमी नाहीच.

‘घसरलं’ या एका शब्दात दोन अपघात

वर्तमानपत्रात मथळा एकच असतो : ‘विमान धावपट्टीवरून घसरलं’. विमान वाहतुकीतली माणसं मात्र यात दोन वेगळे प्रकार मानतात. पहिल्या प्रकारात विमान सरळ रेषेतच धावतं, पण वेळेत थांबत नाही आणि धावपट्टीच्या टोकापलीकडे जातं. याला ‘ओव्हररन’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात विमान डावीकडे किंवा उजवीकडे वळतं आणि धावपट्टीची कड ओलांडतं. हा ‘व्हीअर-ऑफ’. मुंबईचं लिअरजेट दुसऱ्या प्रकारातलं. तिथे लांबीचा काही उपयोग नव्हता.

दोन्ही प्रकारांना मिळून ‘रनवे एक्स्कर्शन’ असं नाव आहे. उड्डाणाच्या वेळीही ते होऊ शकतं. आपल्या शेजारच्या दाबोळी विमानतळावर २७ डिसेंबर २०१६ च्या पहाटे मुंबईला निघालेलं एक बोइंग विमान उड्डाणासाठी धावतानाच धावपट्टीबाहेर जाऊन गर्रकन फिरलं होतं. तरीही असे अपघात जास्त घडतात ते उतरतानाच. उड्डाण करताना काही चुकतंय असं वाटलं तर ठरावीक वेगापर्यंत ब्रेक लावून थांबता येतं. उतरताना मात्र हवेत जमा झालेला सगळा वेग आणि उंची मोजक्या मीटरांत संपवावी लागते.

चिपीचा सडा

मालवणच्या दक्षिणेला, कर्ली खाडीच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यात परुळे-चिपी आहे. जांभ्या दगडाच्या सपाट माळाला आपल्याकडे सडा म्हणतात. अशाच सड्यावर सिंधुदुर्ग विमानतळ बांधला गेला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून अलायन्स एअरचं ‘एटीआर ७२’ विमान इथे उतरलं. पुढे गोव्यातून चालणाऱ्या फ्लाय९१ या कंपनीनेही इथे विमानं आणली. तीही एटीआरच. दोन पंख्यांचं, सत्तरेक प्रवाशांचं हे विमान मोठ्या जेटच्या तुलनेत लहान आणि कमी वेगाचं असतं. छोट्या विमानतळांसाठी म्हणूनच ते निवडलं जातं.

धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे आणि जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना ०९ आणि २७ असे आकडे आहेत. धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेतलं शेवटचं शून्य गाळून उरलेला अंक. ०९ म्हणजे ९० अंश, अर्थात पूर्वेकडे तोंड. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. २७ वर उतरणारं विमान समुद्राच्या दिशेने धावतं, तर ०९ वर उतरणारं विमान समुद्रावरून येतं. कुठल्या टोकाने उतरायचं हे वारा ठरवतो.

उंबरठ्यावरचा हिशेब

जिथून विमानाला टेकायची परवानगी सुरू होते, त्या धावपट्टीच्या सुरुवातीला वैमानिक ‘थ्रेशोल्ड’ म्हणतात. मराठीत उंबरठा हाच शब्द नेमका बसतो. उंबरठा ओलांडताना विमान सुमारे ५० फूट उंचीवर असावं आणि त्याचा वेग ठरलेला असावा, असा नियम आहे. हा वेग साधारणपणे, ज्या वेगाला पंख विमानाला तोलून धरणं सोडून देतात त्याच्या १.३ पट असतो. यापेक्षा कमी वेग धोक्याचा आणि जास्त वेगही धोक्याचाच.

जास्त वेग किती महागात पडतो? गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के जास्त असेल तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के वाढते. शाळेत शिकलेलं हे सूत्र इथे रबर आणि डांबर यांच्यावर लिहिलं जातं.

उंचीचंही तसंच. विमान सामान्यतः तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. उंबरठ्यावर ते दहा फूट जास्त उंच असेल तर टेकण्याची जागा जवळजवळ ५८ मीटर पुढे सरकते.

त्याहून फसवी गोष्ट तरंगण्याची. जमिनीलगत पंखांखाली हवेची उशी तयार झाल्यासारखी होते. वेग जास्त असेल तर विमान खाली बसायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. एटीआर टेकताना ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतं असं धरलं, तर ते सेकंदाला ५५ मीटर जातं. हळुवार उतरवण्याच्या नादात पाच सेकंद तरंगण्यात गेले तर २७५ मीटर संपले. चिपीच्या धावपट्टीचा हा एक दशांशाहून जास्त भाग झाला.

म्हणूनच कुठे टेकायचं त्याची सीमा आखलेली असते. पहिले ३,००० फूट किंवा धावपट्टीचा पहिला एक तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्या अंतरात चाकं लागली पाहिजेत. धावपट्टीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या दिसतात, त्या याच कामासाठी असतात.

लांब टेकलेली विमानं

अपघातांच्या अहवालांमध्ये ही सीमा ओलांडल्याची नोंद पुन्हा पुन्हा येते.

१२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेलं अलायन्स एअरचं एटीआर ७२ जबलपूरला उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेलं. विमान बराच वेळ तरंगत राहून टेकण्याच्या ठरलेल्या टप्प्याच्या खूप पुढे टेकलं, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, सांगितलं. प्रवासी सुखरूप राहिले. चिपीला येणारं विमान याच जातीचं आहे, म्हणून हे उदाहरण जवळचं. महाराष्ट्रात शिर्डीची धावपट्टीही चिपीएवढीच, २,५०० मीटरची. तिथे एप्रिल २०१९ मध्ये दिल्लीहून आलेलं बोइंग ७३७ धावपट्टी ओलांडून पुढे गेलं होतं. तेव्हाही कुणाला इजा झाली नाही.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग मंगळुरूला उतरलं. डोंगरमाथा सपाट करून केलेल्या त्या धावपट्टीची लांबी सुमारे २,४५० मीटर, म्हणजे चिपीपेक्षा जराशी कमी. विमान उंबरठ्यापासून सुमारे ५,२०० फूट पुढे टेकलं. उरलेल्या जागेत ते थांबलं नाही. टोकापलीकडच्या दरीत ते कोसळलं आणि १५८ माणसं गेली. फक्त आठ वाचली.

७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला जवळपास तसंच घडलं. पाऊस होता, पाठीमागून वारा होता आणि काच पुसणारा वायपर नीट चालत नव्हता. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं, म्हणजे अगदी अर्ध्यावर. पुढच्या उतारावरून ते ११० फूट खाली कोसळलं. या अपघातात २१ जण मरण पावले. त्यांत विमानाचे कॅप्टन दीपक साठे होते. नागपूरचे, एनडीएत घडलेले, हवाई दलात विंग कमांडर राहिलेले साठे अनुभवी आणि नावाजलेले वैमानिक होते. वैमानिक कितीही अनुभवी असला तरी ओली धावपट्टी आणि पाठीमागचा वारा त्याला सूट देत नाहीत, हे या दुर्घटनेने मराठी घरांना फार जवळून दाखवलं.

मंगळुरू आणि कोझिकोड या दोन्ही अहवालांत आणखी एक गोष्ट सारखी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

वारा : पाठीमागचा आणि आडवा

किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्याचं वेळापत्रक सांगावं लागत नाही. पाऊस नसलेल्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे सुटतात आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. विमानाला तोंडावर वारा हवा असतो. त्यामुळे पहाटे ०९ सोयीची आणि दुपारी २७ सोयीची, असं ढोबळ मानाने म्हणता येईल.

वारा उलटा पडला तर काय होतं, ते आकड्यांत पाहू. विमान हवेच्या तुलनेत १०० नॉट वेगाने येतंय. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. तोंडावर १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ९० नॉट. तोच वारा पाठीमागून असेल तर ११० नॉट. दोन्हींचे वर्ग केले तर ८,१०० आणि १२,१०० येतात. म्हणजे वारा फक्त बाजू बदलतो आणि जिरवायची ऊर्जा जवळपास दीडपट होते. ‘सेस्ना १७२’ या शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत हाच हिशेब सोपा करून दिला आहे : पाठीमागच्या वाऱ्याच्या प्रत्येक २ नॉटमागे उतरण्याचं अंतर १० टक्के वाढवून धरा.

पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो. समजा तो २४० अंशांवरून २० नॉट वेगाने वाहतोय आणि विमान २७ वर उतरतंय. वारा आणि धावपट्टी यांत ३० अंशांचा कोन झाला. यातले सुमारे १७ नॉट तोंडावर मिळतात, हा फायदा. उरलेले १० नॉट डावीकडून आडवे ढकलतात. वारा आणखी दक्षिणेकडे सरकला की फायदा घटतो आणि ढकलणं वाढतं.

आडव्या वाऱ्यात विमान नाक थोडं वाऱ्याकडे वळवून, खेकड्यासारखं तिरपं येतं. टेकण्याच्या क्षणी मात्र ते धावपट्टीच्या रेषेत सरळ करावं लागतं. हे लवकर केलं तर वारा विमानाला बाजूला वाहून नेतो. उशीर झाला तर चाकं तिरपी टेकतात. टेकल्यावरही सुटका नसते. उभी शेपटी वाऱ्याला अडते आणि घरावरच्या वातकुक्कुटासारखं विमानाचं नाक वाऱ्याकडे फिरायला पाहतं. वैमानिकाने पायांनी रडर दाबून ते सरळ धरायचं असतं, थेट विमान चालण्याच्या वेगावर येईपर्यंत. चाकं टेकली म्हणजे काम झालं, असं मानून पाय सैल सोडणं हे लहान विमानं कडेला जाण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

पाणी आणि टायर

भरपावसात मोटारसायकलचं चाक क्षणभर जमीन सोडल्यासारखं वाटतं. विमानाच्या चाकाचंही तसंच होतं. टायर पुढचं पाणी बाजूला सारू शकला नाही की पाण्याची पाचर त्याच्याखाली शिरते आणि टायर पाण्यावर तरंगायला लागतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अशा वेळी ब्रेक लागत नाहीत आणि चाकाने वळवताही येत नाही.

हे कुठल्या वेगाला होईल, याचा एक जुना आणि सर्वमान्य ठोकताळा अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या प्रयोगांतून आला. टायरमधला हवेचा दाब पौंडांत घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ९ ने गुणायचं. उत्तर नॉटमध्ये मिळतं. दाब १०० असेल तर ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर. शिकाऊ विमानाच्या टायरचा दाब ३० च्या आसपास असतो, तिथे सुमारे ४९ नॉट. विमान टेकतं तेव्हा त्याचा वेग बहुतेक वेळा या आकड्याच्या वरच असतो. म्हणजे धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल तर सुरुवातीचे काही सेकंद टायरवर भरवसा ठेवता येत नाही.

यावर तीन उपाय. पहिला धावपट्टी बांधणाऱ्यांचा : दोन्ही कडांना उतार देणं आणि पृष्ठभागावर आडव्या खाचा पाडणं, म्हणजे पाणी थांबत नाही. टेकण्याच्या जागी टायरांचं रबर घासून काळा थर साचतो, तोही ओला झाला की निसरडा होतो. तो वेळोवेळी खरवडून काढावा लागतो.

दुसरा उपाय माहितीचा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून जगभर धावपट्टीच्या स्थितीचं वर्णन एकाच पद्धतीने करायचं ठरलं. धावपट्टीचे तीन भाग करून प्रत्येकाला ६ ते ० असा अंक दिला जातो. कोरड्या धावपट्टीला ६, नुसत्या ओल्या धावपट्टीला ५. पाणी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त साचलं तर अंक थेट २ वर उतरतो. पाण्याची तीन मिलिमीटर जाडी म्हणजे दोन-तीन नाणी एकावर एक ठेवावीत एवढीच.

तिसरा उपाय वैमानिकाच्या हातात आहे आणि प्रवाशांना तो आवडत नाही. ओल्या धावपट्टीवर विमान मुद्दाम जरा जोरात टेकवलं जातं. त्यामुळे पाण्याचा पापुद्रा फुटतो, चाकं लगेच फिरायला लागतात आणि विमान जमिनीवर आलं आहे हे यंत्रणेला कळतं. जेट विमानात त्यानंतरच पंखांवरच्या फळ्या वर उठतात आणि सगळं वजन चाकांवर येतं. एटीआरमध्ये पंख्यांची पाती फिरवून उलटा जोर लावला जातो. पावसात विमान धप्पकन उतरलं तर वैमानिक नवखा आहे, असा शेरा मारायची घाई करू नये.

लहान विमानांच्या खास अडचणी

बारामती, गोंदियाजवळचं बिरसी, शिरपूर अशा ठिकाणी महाराष्ट्रात मुलं विमान चालवायला शिकतात. दोन ते चार आसनांची ही विमानं हलकी असतात, म्हणून वाऱ्याचा झोत त्यांना सहज उचलतो. सेस्ना १७२ च्या चाचण्यांत १५ नॉटपर्यंतचा आडवा वारा पेलून दाखवण्यात आला आहे. एटीआर ७२ साठी तोच आकडा ३५ नॉट आहे.

शिकाऊ वैमानिकाची पहिली अडचण म्हणजे टप्पा. विमान जोरात टेकतं, चेंडूसारखं उसळतं, घाबरून नाक खाली दाबलं की पुढचं नाजूक चाक आधी आपटतं आणि पुढचा टप्पा आणखी मोठा बसतो. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पुढचं चाक मोडतं किंवा पंखा जमिनीला लागतो. उपाय शिकवलेला असतो : पहिल्याच मोठ्या टप्प्याला इंजिनाचा पूर्ण जोर देऊन वर निघून जायचं.

जुन्या विमानांत आणखी एक खोड होती. त्यांचं तिसरं चाक शेपटीखाली असे आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असे. बैलगाडी मागे ढकलत नेऊन पाहा. जू जरा तिरकं झालं की गाडी स्वतःच आणखी तिरकी होत जाते. ही विमानं तशीच. जरा वाकडी झाली की गर्रकन स्वतःभोवती फिरत. हल्लीच्या शिकाऊ विमानांना चाक पुढे असतं, त्यामुळे हा धोका बराच कमी झाला आहे.

गवताचा मुद्दाही आहे. कोरड्या गवतावर सेस्ना १७२ ला टेकल्यानंतर ४५ टक्के जास्त धावावं लागतं, असं तिची पुस्तिका सांगते.

जुहूचा धडा

जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पस मॉथ’ या चिमुकल्या विमानातून. जुहूचं मैदान म्हणजे समुद्रालगतची सखल जमीन. पावसाळ्यात तिथे चिखल होई, म्हणून टाटांची टपालसेवा त्या महिन्यांत मुक्काम पुण्याला हलवत असे. धावपट्टी योग्य नसेल तर दुसरीकडे उतरा, हा शहाणपणा आपल्याकडच्या नागरी विमानसेवेइतकाच जुना आहे.

पुढे सांताक्रूझ हा मुख्य विमानतळ झाला आणि जुहू लहान विमानांपुरतं राहिलं. दोन्ही एकमेकांपासून अगदी जवळ. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या विमानकंपनीचं ‘कॉमेट’ जेट सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं. ते कसंबसं थांबलं आणि काही दिवसांनी हलकं करून तिथून उडवावं लागलं. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली. जुहूची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आत, विमान चार इंजिनांचं. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं निकामी झालं. जीवितहानी झाली नाही. विमान थांबवण्यातली ही चूक नव्हतीच. टोकाला जे दिसलं, त्याची सुरुवात काही किलोमीटर आधी, हवेत झाली होती.

टोकापलीकडे काय असतं?

माणसाकडून चूक होणार हे धरूनच धावपट्टी आखली जाते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टोकापलीकडे ६० मीटर मोकळी पट्टी आणि तिच्यापुढे आणखी किमान ९० मीटरचं सुरक्षाक्षेत्र लागतं. मोठ्या धावपट्टीसाठी ते २४० मीटर असावं अशी शिफारस आहे. सपाट गावात एवढी जागा मिळते. सड्यावर किंवा डोंगरमाथ्यावर ती कापून किंवा भर घालून तयार करावी लागते, आणि तिच्यापुढे उतार असतोच. गोव्यातलं मोपाही पठारावरच आहे. त्यामुळे कोकणच्या विमानतळांवर हे शेवटचे मीटर फार मोलाचे.

जागा नसेल तिथे एक वेगळी युक्ती करतात. टोकापलीकडे भुसभुशीत, दाबल्यावर चुरा होणाऱ्या काँक्रीटचे ठोकळे बसवतात. चाकं त्यांत रुततात आणि विमान थांबतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उपाध्यक्षपदाचे उमेदवार माइक पेन्स यांचं विमान असंच थांबलं.

अपघातानंतर

धावपट्टी सोडलेलं विमान बहुतेक वेळा उभंच असतं आणि माणसं बहुतेक वेळा वाचतात. तरीही इंधन सांडून आग लागण्याची भीती असते. म्हणून विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नये आणि बाहेर पडायला सांगितलं की सामान घेण्यासाठी थांबू नये. प्रवासी विमानाला प्रमाणपत्र देताना, निम्मी दारं बंद ठेवून नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडू शकतात हे दाखवून द्यावं लागतं. त्या हिशेबात डोक्यावरच्या कप्प्यातून आंब्याची पेटी काढायला वेळ धरलेला नाही.

एका विमानाचा फटका अनेकांना बसतो. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं बोइंग मुंबईत पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप उतरले, पण मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि शेकडो उड्डाणांचं वेळापत्रक कोलमडलं. जुलै २०२५ मध्येही कोचीहून आलेलं एक विमान तिथेच, पावसातच, धावपट्टीबाहेर गेलं.

तपासाचं काम २०१२ मध्ये स्थापन झालेल्या विमान अपघात तपास विभागाकडे असतं. आंतरराष्ट्रीय करारानुसार या तपासाचा हेतू शिक्षा देणं हा नसून पुढचा अपघात टाळणं हा असतो. म्हणून हे अहवाल जाहीर होतात आणि आपल्यालाही वाचता येतात.

पुन्हा वर जाणं

आता मंगळुरू आणि कोझिकोड यांतल्या त्या सारख्या गोष्टीकडे.

धावपट्टी जवळ येत असताना ठरावीक उंचीवर एक तपासणी असते. ढगांत किंवा कमी दृश्यमानतेत १,००० फुटांवर, स्वच्छ हवेत ५०० फुटांवर. वेग बरोबर आहे का, उतार बरोबर आहे का, चाकं आणि पंखांचे पडदे उघडलेत का? यातलं एकही बिघडलेलं असेल तर उतरायचं नाही. इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. मंगळुरूत सहवैमानिकाने ‘वर चला’ असं तीनदा सांगितल्याचं चौकशीत निघालं. कोझिकोडलाही सहवैमानिकाने तसं सांगितलं होतं. दोन्ही वेळा विमान उतरतच राहिलं. मंगळुरूत तर टेकल्यावर, उलटा जोर लावून झाल्यावर, पुन्हा उडायचा प्रयत्न झाला. तोवर फार उशीर झाला होता.

वर जाणं एवढं सोपं, तर ते का टळतं? कारण उतरणं हे काम तडीस नेणं वाटतं आणि वर जाणं माघार वाटते. इंधन, उशीर, पुढची फेरी, मागे बसलेली माणसं, सगळं मनात असतं. मालवणच्या तांडेलाला हा पेच चांगला कळेल. तिथल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत. बंदर समोर दिसत असताना, होडी मासळीने भरलेली असताना, लाट आणि वारा जुळत नाहीत म्हणून बाहेरच थांबणारा तांडेल घाबरट समजला जात नाही. त्याच्या होडीवर पोरांना पाठवायला घरची माणसं तयार असतात.

विमानातल्या तांडेलाकडे मात्र आपण वेगळ्या नजरेने पाहतो. चतुर्थीला गावी निघालेला चाकरमानी खिडकीतून परुळ्याचा सडा पाहतो, आणि तेवढ्यात इंजिन गरजतं, विमान वर चढतं, काही वेळाने गोव्यात किंवा पुन्हा मुंबईत उतरतं. मग कुरकुर सुरू होते, घरी फोन जातात, ‘एवढं जवळ येऊन उतरवलं नाही’ म्हणून राग निघतो. या लेखातले आकडे तेव्हा आठवावेत : दहा फूट जास्त उंची, पाच सेकंदांचं तरंगणं, पाण्याचे तीन मिलिमीटर. त्यांतलं काहीतरी त्या दिवशी बिनसलं होतं आणि पुढे बसलेल्या दोघांनी ते वेळेत पाहिलं. आरती एक दिवस उशिरा मिळेल. गणपती तोवर मखरात असतोच.